डागडुजी

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला दोन गोष्टींची खात्री असते. पहिली, जमा आणि नावे या दोन्ही बाजू शेवटी जुळतात. नाही जुळल्या तर रात्री नऊपर्यंत बसून जुळवता येतात. दुसरी, घसारा कितीही काढला तरी वस्तूची किंमत शून्य होत नाही. घटत्या शिलकेच्या पद्धतीनं एक लाखाच्या गाडीवर दरसाल ३० टक्के घसारा काढत गेलात, तर ३५ वर्षांनी वहीत ३८ पैसे उरतात. पण उरतात! हे गणित मी बी.कॉम.ला कागदावर सोडवलं होतं. २०२१ साली ते आमच्या साताऱ्याच्या घरामागं, चिंचेखाली, हवा गेलेल्या चार चाकांवर उभं असलेलं दिसलं.

ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची मॅटाडोर. १९८६ साली घेतलेली. सकाळी शाळेची मुलं, दिवसभर वडाप, लग्नसराईत वऱ्हाड आणि अधूनमधून कुणाचा तरी संसार दोरीनं बांधून दुसऱ्या गावी नेणं, असा तिचा दिनक्रम. लहानपणी मी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसायचो. उन्हाळ्यात त्या झाकणावर भाकरी भाजली असती, मीच भाजलो. त्या गाडीच्या उत्पन्नावर मी पदवीधर झालो, बँकेत चिकटलो, आणि २००६ साली गाडी अंगणात येऊन थांबली ती थांबलीच. का थांबली ते पुढं सांगतो. अवघड नोंदी शेवटी घ्यायच्या ही आमची बँकेतली सवय.

त्यानंतर पंधरा पावसाळे तिनं चिंचेखाली काढले. टपाच्या पन्हळीत चिंचेचा पाला साचला, पाल्यात पाणी साचलं, आणि हिनं टपावर घोसाळ्याचा वेल चढवला. वेल छान आला. दर श्रावणात आम्ही मॅटाडोरची भजी खात होतो.

एक दिवस भंगारवाला आला. त्यानं गाडीच्या अंगावर बोटानं टकटक केलं, डॉक्टर पोटावर करतात तसं, आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "वजनावर घेतो. पण गंज वजा करून." सोनार मोडीत दागिना घेताना घट धरतो, तशी ही लोखंडाची घट! मी ओसरीकडं पाहिलं. अण्णा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझं तू ठरव." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ 'माझं ठरलंय, तुझं चुकणार आहे' असा होतो. मला काय झालं कळत नाही. आदल्याच दिवशी मी पेपरात राज्य सरकारच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाची बातमी वाचली होती. तोंडातून निघून गेलं, "विकायची नाही. तिची कँपर करायची."

"म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. वाटेल तिथं जायचं आणि गाडीतच झोपायचं."

"वऱ्हाडं काय कमी झोपली तिच्यात?" अण्णा म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात शिरले. पण त्यांनी पान उलटायला फार वेळ लावला, हे मी पाहिलं.

चाकांवर संसार ही हौस गोऱ्या लोकांची, असं आपल्याला वाटतं. खरं तर आपल्याकडे ऊसतोडीच्या बैलगाडीत अख्खं घर मावतं. फक्त त्याला कुणी हौस म्हणत नाही. हौशीची गोष्ट सुरू झाली ती एका वहीतल्या चित्रापासून. बेन पॉन नावाचा एक डच व्यापारी फोक्सवॅगनच्या कारखान्यात गेला होता. तिथं कामगारांनी आतल्या आत माल हलवायला एक ओबडधोबड गाडी जोडून घेतली होती. ती पाहून २३ एप्रिल १९४७ रोजी त्यानं वहीत चाकांवरच्या पावासारखं एक चित्र काढलं. मार्च १९५० मध्ये त्या चित्राच्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या, आणि १९५१ पासून वेस्टफालिया नावाची कंपनी त्यांत झोपायची-जेवायची सोय करून देऊ लागली. पुढं १९६० च्या दशकात युरोपातली पोरंपोरी तसल्या गाड्यांत बसून इस्तंबूल, काबूल करत थेट आपल्या गोव्यापर्यंत आली. ब्राझीलमध्ये ही गाडी २०१३ पर्यंत निघत होती.

आता यात आमची मॅटाडोर कुठून आली? तर हॅम्बुर्गहून. तिथं व्हिडाल आणि पुत्र असा एक कारखाना होता, आणि त्यांच्या गाड्यांचं नाव होतं 'टेम्पो'. आपण नारळापासून गणपतीपर्यंत सगळं ज्यातून आणतो त्या टेम्पोचं नाव हे असं हॅम्बुर्गचं आहे. १९४९ साली त्यांनी 'मॅटाडोर' काढली, तेव्हा इंजिन फोक्सवॅगनकडूनच घेतलं होतं. पण फोक्सवॅगनची स्वतःची तसलीच गाडी बाजारात आली आणि थोड्याच काळात इंजिनं मिळेनाशी झाली. शेजारणीकडून रोज विरजण आणावं आणि शेजारणीनंच एक दिवस दह्याचं दुकान काढावं, तशातला प्रकार. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो काढून ही टेम्पोची तीनचाकी आपल्याकडे आणली, आणि १९६९ पासून आकुर्डीला मॅटाडोर होऊ लागली. त्या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण सातारा जिल्ह्यात कुठलीही मोठी व्हॅन पुढं कित्येक वर्षं 'मॅटाडोर'च होती. सांगायचा मुद्दा, आमच्या चिंचेखाली उभी होती ती त्या जगप्रसिद्ध कँपरची लांबची मावशी. हे मी बँकेत सगळ्यांना सांगितलं. एका सहकाऱ्यानं विचारलं, "मग मावशीची तब्येत कशी आहे?"

तब्येत पाहायला मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. दाराखालच्या पत्र्यावर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाची एक खोड असते. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून रंगाला फुगे येतात, आणि बाहेर बोटाएवढा फुगा असेल तर आत पंजाएवढं काम झालेलं असतं. थकलेल्या कर्जाच्या व्याजासारखं. शाळेत असताना फळ्यावर 'गंजण्यापेक्षा झिजणं बरं' हा सुविचार मी स्वतः वळणदार अक्षरात लिहिला होता. त्याचा अर्थ मला चाळीस उलटल्यावर, मॅटाडोरच्या खाली उताणा पडलेलो असताना, डोळ्यांत लाल भुकटी गेल्यावर कळला.

डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं दोन आकडे सांगितले. एक आकडा लांबी भरून वरून रंग मारण्याचा; तो परवडणारा होता. दुसरा गंज कापून नवा पत्रा जोडण्याचा. तो ऐकून मी गाडीच्या पायरीवर बसलो. पायरी मोडली. तिथंच ठरवलं की वेल्डिंग आपणच शिकायचं. नाक्यावर गेट आणि ग्रिल करणारे एक उस्ताद आमच्या शाखेचे खातेदार. मी त्यांना म्हणालो, "शिकवा." त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. या हातांनी वीस वर्षं शिक्के मारले होते. ते म्हणाले, "साहेब, आधी रद्दी पत्र्यावर."

जोडणं ही माणसाची जुनी विद्या. लोखंडाचे दोन तुकडे भट्टीत पांढरे होईस्तोवर तापवायचे आणि एकावर एक ठेवून घणानं ठोकायचे, की त्यांचा एक तुकडा होतो. आपले लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच जोडत आले. दिल्लीला मेहरौलीत जो लोहस्तंभ आहे तोही लोखंडाचे गोळे असेच ठोकून जोडून केलेला. उंची ७ मीटरहून जास्त, वजन ६ टनांवर, वय सुमारे १६०० वर्षं, आणि गंज म्हणावा असा नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्यामुळं अंगावर एक पातळ थर धरतो आणि तोच पुढचा गंज रोखतो, हे कानपूरच्या आयआयटीतल्या आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवलं. सोळाशे वर्षं तो उघड्यावर उभा आहे. आमच्या मॅटाडोरला पंधरा झेपली नाहीत. पण त्या स्तंभावर कुणी घोसाळ्याचा वेल चढवला नव्हता, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

विजेनं जोडण्याची विद्या मात्र दीडशे वर्षांच्या आतली. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेच्या नवलाईचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं रशियन साम्राज्यातून आलेल्या निकोलाय बेनार्डोसनं कोळशाची कांडी आणि धातू यांच्यामध्ये विजेची ज्योत धरून धातू वितळवून जोडून दाखवला. पुढं स्तानिस्लाव ओल्शेव्स्की या सहकाऱ्याबरोबर त्याची पेटंटं घेतली आणि ग्रीकांच्या लोहारदेवाच्या, हेफेस्टसच्या नावावरून या क्रियेचं बारसं केलं. आपल्याकडे असता तर विश्वकर्म्याचं नाव दिलं असतं आणि वर्षातून एकदा यंत्राला हार घातला असता. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह या इंजिनिअरनं कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. तीच वितळायची आणि तीच जोडात उतरायची. हे खरंच जमतं हे लोकांना पटावं म्हणून त्यानं आठ निरनिराळे धातू एकावर एक वितळवून त्यांचा एक पेला केला आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात मांडला. एकमेकांशी न पटणारे आठ जण एका पेल्यात! आमच्या शाखेत पाच जण आहोत; अजून जमलेलं नाही.

पण हे जोड ठिसूळ व्हायचे, कारण वितळलेल्या लोखंडात हवा शिरायची. त्यावर स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गनं तोडगा काढला. १९०४ साली कंपनी काढलेल्या या गृहस्थानं लोखंडी कांडीला क्षारांचा लेप दिला. लेप जळतो, त्याचा धूर हवेला दूर ठेवतो आणि उरलेली मळी दुधावर साय धरावी तशी जोडावर धरते. गार झाली की हातोडीनं उडवायची. उस्तादांच्या हातची साय एका टिचकीत सुटायची आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी सुबक रांग दिसायची. माझी सायही सुटायची. तिच्याबरोबर जोडही सुटायचा.

पहिल्या दिवशी मी बारा रॉड संपवले. सात पत्र्याला चिकटले, चार वाकले, आणि एकानं रुपयाएवढं भोक पाडलं. ते बुजवायला गेलो तर बशीएवढं झालं. उस्ताद म्हणाले, "साहेब, इथं खिडकीच काढा." दुसऱ्या दिवशी काच डोळ्यांवर यायच्या आत मी ठिणगी पाडली, एकदा नव्हे, चांगली वीस-पंचवीस वेळा. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री दोन वाजता मात्र कुणीतरी पापण्यांत कृष्णेची वाळू भरल्यासारखं वाटून उठलो. निम्म्या आळीनं डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं की ज्योतीतल्या अतिनील किरणांनी डोळ्याचं पारपटल भाजतं आणि त्याची जाणीव काही तासांनी होते. बटाट्याची भाजी करा आणि काच आधी लावा. दोन दिवस मी काळा चष्मा लावून बँकेत बसलो. एका आजींनी पैसे मोजून न घेता परत दिले.

शेवटी उस्तादांना दया आली. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यावर गेट जोडायचा रॉड म्हणजे मुंगी मारायला मुसळ. त्यांनी आपलं तारेचं मशीन दिलं. बारीक तार आपोआप पुढं सरकते आणि भोवती वायूचं कवच असतं. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत ही युक्ती निघाली, १९५० च्या दशकात महागड्या वायूंऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता येऊ लागला आणि ती गल्लोगल्ली पोचली. त्या मशीनवर महिनाभरात माझा हात बसला. मग मोठ्या थाटात मी दाराखाली पहिलं ठिगळ जोडलं आणि अण्णांना दाखवायला बोलावलं. ते काठी टेकत आले, हातोडी मागितली आणि ठिगळाच्या कडेला हळूच एक टोला दिला. ठिगळ खाली पडलं. माझा जोड त्याला शाबूत होता. सुटली होती ती जोडापलीकडची कड.

"टाका चांगलाय," अण्णा म्हणाले. "पण तू तो गंजाला घातलास. गंजाला टाका धरतो का?"

मी फार खट्टू झालो. पण इतिहासात याहून मोठी फजिती झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जहाजं हवी होती ती पोत्यानं. रिव्हेट ठोकत बसायला वेळ नव्हता, म्हणून पत्रे सरळ वेल्ड करू लागले. नुसती लिबर्टी जातीचीच २७१० जहाजं झाली, आणि ती जोडणाऱ्यांत कालपर्यंत हातात मशीन न धरलेल्या हजारो बायका होत्या. तेलवाहू जहाजंही याच पद्धतीनं होत. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगॉन राज्यात 'स्केनेक्टडी' नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभं होतं. तुफान नाही, पाणतीर नाही. रात्री कडाड आवाज झाला आणि जहाज मधोमध तुटलं. पहिला संशय अर्थातच जोडणाऱ्यांवर आला, आणि काही ठिकाणी जोड वाईट होतेही. पण केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी अशा जहाजांच्या पोलादावर प्रयोग केले तेव्हा कळलं की ते पोलादच थंडीत काचेसारखं ठिसूळ होत होतं. रिव्हेटच्या जहाजात चीर गेली तर पुढच्या सांध्याशी अडायची. वेल्डिंगनं सगळं एकसंध झाल्यामुळं तिला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे दोष नुसता टाक्याचा नव्हता, ज्याला टाका घातला त्याचाही होता. जाताजाता सांगतो, ते तुटलेलं जहाज दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर गेलं. हे मी अण्णांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मग कापायला लाग."

तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसू लागले. मी ग्राइंडरनं कापायचो, ते हातोडीनं वाजवून पाहायचे. भद्द आवाज आला की "अजून." टण्ण वाजलं की "बास." मधल्या वेळात गाडीचा इतिहास. "हा पोचा खंबाटकीचा. हा पसरणीचा, धुक्यात. हा तुझा, कॉलेजात असताना लिंबावर घातलीस तो." आईच्या माघारी फारसं न बोलणारा माणूस एकेका पोच्यावर पंधरा मिनिटं बोलत होता.

एकदा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापताना मी सहज म्हणालो, "तशी ती बंद पडायला आलीच होती म्हणा, अण्णा."

"बंद पडली नव्हती," ते म्हणाले. "बंद केली होती."

ही ती पुढं ढकललेली नोंद. २००६ साली मी बँकेत नवा होतो. एकदा साहेबांबरोबर स्टँडवरून चाललो असताना अण्णा मॅटाडोरच्या दारात लोंबकळत "पाचवड, वाई! पाचवड, वाई!" असं ओरडत होते. साहेबांनी विचारलं, "ओळखीचे आहेत का?" मी म्हणालो, "आमच्या बाजूला राहतात." आणि रात्री घरी येऊन अण्णांना म्हणालो, "आता हे वडाप बंद करा. मुलगा बँकेत असताना लोक काय म्हणतील?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी चिंचेखाली उभी राहिली. त्यानंतर पंधरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की गाडी जुनी झाली, अण्णांना झेपेना. छान गुळगुळीत लांबी भरून वर रंग मारला होता. आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं.

वेल्डिंगच्या मुखवट्याचा एक फायदा आहे. आतल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही. मी तो खाली ओढला आणि आतूनच म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं तेव्हा."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हातोडीचा आवाज आला. "तो कोपरा अजून काप," अण्णा म्हणाले. "आत काळं आहे."

मी कापला. पुढं टण्ण वाजलं.

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. व्हॅनची कँपर करायची तर परवानगी लागते, जुन्या गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते, आणि त्या कागदांचा गठ्ठा पाहता पत्रा जोडणं सोपं होतं असं वाटू लागतं. पण तळ नवा झालाय. आत एक फळी टाकून वर गादी टाकली आहे, आणि मे महिन्यात आम्ही सगळ्यांनी गाडीतला पहिला मुक्काम केला. अंतर शून्य किलोमीटर. हिनं शेगडीवर पिठलं केलं, रात्री वळवाचा पाऊस झाला आणि टपातून एक थेंबही आत आला नाही. घोसाळ्याचा वेल आता कुंपणावर आहे.

परवा तोच भंगारवाला परत आला. मी बँकेतून नुकताच आलो होतो. त्यानं फाटकातूनच विचारलं, "काय, द्यायची का गाडी?" अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"गाडी चालू आहे," ते म्हणाले. "रस्ता सोड."

इंजिन त्या वेळी मेकॅनिककडे होतं.